चाइल्डमाइंडर रिव्ह्यू, रीडिंग (इंग्लंड): मुलगी जॉइन झाली तेव्हाचं असेसमेंट कसं होतं

इथल्या बऱ्याच मराठी आईबाबांपुढे नर्सरी की चाइल्डमाइंडर (स्वतःच्या घरात मुलं सांभाळणारी व्यक्ती) हा प्रश्न असतो म्हणून लिहितेय. आमची मुलगी पावणेदोन वर्षांची असताना रीडिंगमधल्या एका चाइल्डमाइंडरकडे जायला लागली, आता अडीचच्या पुढे आहे आणि अजून तिथेच जाते. बाई स्वतःच्या घरातच मुलं सांभाळतात त्यामुळे नाव पत्ता इथे टाकत नाही, पण सर्व्हिस कशी आहे ते नीट सांगते, आणि त्यातही जास्त करून पहिल्या महिन्याबद्दल, कारण माझ्या मते बाई मुलाला ओळखून मग सांभाळतायत की नुसतंच सांभाळतायत हे तिथेच कळतं.

आधी थोडं आमच्याबद्दल. माझी मॅटर्निटी लीव्ह संपल्यावर आई साताऱ्याहून व्हिजिटर व्हिसावर आली होती, ती असेपर्यंत घर कसं निर्धास्त चालू होतं. लेक दिवसभर आजीच्या मागे मागे, सगळं बोलणं मराठीत, खाणं हाताने, दुपारची झोप थोपटून. आई परत गेल्यावर मात्र डेकेअर शोधणं भाग पडलं आणि पहिल्यांदा आम्ही एका नर्सरीत ट्रायल सेशन्स केली. नर्सरी दिसायला छान, बागबिग सगळं, पण दुसऱ्याच सेशननंतर तिथे काम करणाऱ्या मुलीने टॅबलेटवर भरलेला रिपोर्ट दाखवला त्यात लिहिलं होतं की बोलणं वयाच्या मानाने मागे आहे, मोजकेच शब्द येतात, चमचा वापरत नाही, मुलांमध्ये मिसळत नाही. मला इतकं वाईट वाटलं त्या दिवशी. घरी जी मुलगी ‘आजी चिऊ गेली’ असं तीन शब्दांचं वाक्य बोलते ती दोन शब्दांवर कशी मोजली गेली? तर त्यांनी इंग्लिशच शब्द मोजले होते, घरी कुठली भाषा बोलता हे फॉर्मवर विचारलं होतं पण त्या उत्तराचा पुढे काही उपयोगच केला नव्हता.

आता चाइल्डमाइंडरकडचा अनुभव. पहिल्या भेटीत बाईंनी मुलीची काहीही परीक्षा घेतली नाही. हा कुठला रंग, नाक दाखव, असलं काही नाही. त्या खाली चटईवर बसल्या, लेक माझ्या मांडीवरून उठून कधी खेळण्यांकडे जातेय याची वाट बघत राहिल्या आणि तोपर्यंत माझ्याशी आणि नवऱ्याशी बोलत होत्या. जाताना ‘ऑल अबाउट मी’ नावाचा चार पानी फॉर्म दिला, घरी निवांत बसून भरा म्हणाल्या. असा फॉर्म इथे सगळीकडेच देतात, पण यातले प्रश्न बघून मला बरं वाटलं. घरात कोणाला काय हाक मारते? काहीतरी हवं असेल तर बोट दाखवते, हात धरून ओढत नेते की शब्द वापरते? रडायला लागली की कशाने शांत होते? झोपवताना काय म्हणता? कशाला घाबरते? हाताने खाते का, काय काय खाते? आजीआजोबांशी फोनवर बोलते का, कुठल्या भाषेत? आणि एक स्वतंत्र रकाना होता, घरच्या भाषेतले तिचे सगळे शब्द लिहा, उच्चार इंग्लिश अक्षरात, शेजारी अर्थ.

आम्ही दोघं रात्री लिहायला बसलो आणि आईला पण व्हिडिओ कॉलवर घेतलं. मंमं, गाई, भूर, बाऊ, शू, काऊ, चिऊ, हम्मा, जेजे बाप्पा, नको, दे, आण, अजून, संपलं, पडलं, गरम... रकाना भरून मागचं पान भरलं तरी आईला आठवतच होते. बाईंनी ती यादी फ्रिजवर लावली. आणि नुसती लावली नाही, वापरली. मुलगी पडली आणि ‘बाऊ’ म्हणत गुडघा दाखवायला लागली तर त्यांना लगेच कळलं कुठे दुखतंय. नवीन घरात, नवीन माणसांत, आई समोर नसताना आपण बोललेलं समोरच्याला कळतंय हे त्या जीवाला किती मोठं असेल विचार करा.

सेटलिंगचं पण घाईत उरकलं नाही. आधी मी सोबत, मग मी शेजारच्या खोलीत, मग तासभर बाहेर, मग अर्धा दिवस. या सगळ्या काळात बाई एका साध्या वहीत लिहीत होत्या आणि ती वही मला कधीही बघायला मिळायची. त्यातल्या नोंदी बारीक असायच्या. उदाहरणार्थ, ती कपड्यांचे चिमटे पिशवीत भरते आणि या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेऊन ओतते, परत भरते, परत नेते. मला वाटायचं पसारा करतेय. बाईंनी सांगितलं की या वयात बऱ्याच मुलांना वस्तू इकडून तिकडे वाहून न्यायचा असा नाद असतो, त्याला त्या लोकांच्या भाषेत स्कीमा म्हणतात, आणि मूल सध्या कशातून शिकतंय ते त्यातून कळतं. दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी एक टोपली आणि छोटी ढकलगाडी बाहेर काढून ठेवली होती. पहिल्या दिवसांतलं रडणं त्या टोपलीने निम्मं कमी केलं हे मी खात्रीने सांगते.

हाताने खाण्याचं पण तसंच. नर्सरीत जे ‘चमचा वापरत नाही’ म्हणून कमी धरलं गेलं होतं तेच इथे ‘अंगठा आणि बोटाच्या चिमटीत भाताचं एकेक शीत उचलते, बोटांवर छान ताबा आहे’ असं शारीरिक विकासात लिहिलेलं होतं. चमचा हळूहळू शिकवू असं पुढच्या पायरीत होतं, पण कमतरता म्हणून नाही.

साधारण महिन्याभराने दीड पानांचं लेखी मिळालं, त्याला त्या ‘स्टार्टिंग पॉइंट्स’ म्हणतात, म्हणजे मूल आलं तेव्हा कुठे होतं, काय येत होतं, कशात रमत होतं आणि आता पुढे काय. इंग्लंडमध्ये पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी जी चौकट आहे ना, ईवायएफएस, ती २००८ पासून चालू आहे आणि जानेवारी २०२४ पासून चाइल्डमाइंडर्ससाठी तिचं वेगळं डॉक्युमेंट आहे. त्यात एकूण सात क्षेत्रं, पण लहान मुलांसाठी भर असतो तीन मुख्य क्षेत्रांवर: बोलणं-समजणं, शारीरिक विकास, आणि स्वतःबद्दलचं-इतरांबद्दलचं भान म्हणजे भावनिक सामाजिक भाग. आमचं दीड पान या तीन भागांतच होतं. अक्षरं, आकडे वगैरेवर जेमतेम दोन ओळी, आणि पावणेदोन वर्षांच्या मुलाला तेवढंच पुरे.

इथे एक गैरसमज बऱ्याच जणांचा दिसतो म्हणून सांगते. रिसेप्शनमध्ये, म्हणजे शाळेच्या पहिल्या वर्गात, गेल्यावर पहिल्या सहा आठवड्यांत जी बेसलाइन असेसमेंट होते, सप्टेंबर २०२१ पासून कंपल्सरी झालेली, ती वेगळी. चाइल्डमाइंडरकडचं हे तसलं काही नाही, मार्क नाहीत, कुठे पाठवायचं नाही. उलट ईवायएफएसमध्ये स्पष्ट म्हटलंय की असेसमेंटच्या नावाखाली मुलांशी खेळणं बोलणं सोडून कागद भरत बसू नका. त्यामुळे कोणी पहिल्याच आठवड्यात लांबलचक टिकमार्कची यादी दाखवली तर इंप्रेस होऊ नका.

आणि भाषेबद्दलचा नियम तर प्रत्येक मराठी घराने माहीत करून घ्यायला हवा. घरची भाषा इंग्लिश नसेल तर मुलाला खेळताना शिकताना ती भाषा वापरायची संधी मिळावी म्हणून प्रोव्हायडरने (म्हणजे नर्सरी किंवा चाइल्डमाइंडरने) प्रयत्न करायचे असतात. आणि मुलाचं इंग्लिश कच्चं असेल तर भाषेचा विकास मागे आहे असा निष्कर्ष काढण्याआधी आईबाबांशी बोलून घरच्या भाषेत त्याला काय येतं हे बघायचं असतं. हे त्याच चौकटीत लिहिलेलं आहे, कोणाच्या मर्जीवर नाही. आमच्या बाईंना ते पाठ होतं असं नाही, त्या तशाच वागतात. त्यांच्या कागदावर होतं: ‘मराठीत तीन शब्दांची वाक्यं जोडते, दोन सूचना एकापाठोपाठ समजतात (आईने मराठीत सांगून दाखवलं), इंग्लिश ऐकून समजायला सुरुवात.’ घरी मराठीच बोलत राहा, भरपूर बोला, असंही त्यांनी आम्हाला सांगितलं. इथे ओळखीच्या दोन-तीन घरांत नर्सरीच्या भीतीने मुलांशी मोडकं तोडकं इंग्लिश बोलायला लागलेले आईबाबा बघितलेत, त्यांनी प्लीज असं करू नका.

सगळं गोडगोड लिहून देत होत्या असंही नाही. लेकीला इतर मुलांची अजिबात सवय नव्हती, कोणी जवळ आलं की ‘नको’ म्हणून खेळणं छातीशी धरायची, ते त्यांनी सरळ लिहिलं. गवतावर अनवाणी चालायला तयार नसायची तेही लिहिलं. पण प्रत्येकापुढे आपण काय करूया हे होतं, आणि घरी आम्ही काय करायचं ते पण. एका मुलाबरोबर पाण्याच्या टबात खेळवण्यापासून सुरुवात केली कारण पाणी तिला सगळ्यात जास्त आवडतं, हे पण फॉर्ममधूनच कळलेलं.

या सगळ्याचा खरा फायदा दोन वर्षांच्या चेकला झाला. २४ ते ३६ महिन्यांच्या दरम्यान प्रोव्हायडरने मुलाच्या प्रगतीचं लेखी करून द्यायचं असतं, ते मात्र कंपल्सरी. साधारण दोन ते अडीच वर्षांत हेल्थ व्हिजिटरचा (लहान मुलांची तब्येत आणि वाढ बघणारी नर्स) रिव्ह्यू पण असतो, त्याची प्रश्नावली आधी घरी येते. मी बाईंचे दोन्ही कागद आणि रेड बुक (मुलाच्या तब्येतीच्या नोंदींचं पुस्तक) घेऊन गेले. सुरुवात कुठून झाली ते लिहिलेलं असल्यामुळे किती पुढे आली ते समोर दिसत होतं, आणि शब्द दोन्ही भाषांचे मिळून धरले गेले. सुरुवातीचा कागदच नसता तर तिथे मी काय दाखवलं असतं?

आता न आवडलेलं. सगळं कागदावर, ॲप नाही, त्यामुळे दिवसभरात फोटो येत नाहीत, आठवड्याच्या शेवटी एकदम येतात, आणि पहिल्या महिन्यात फोनकडे बघत बसलेल्या आईसाठी हे अवघड आहे. सुरुवातीचं लेखी मला दोन आठवड्यांत हवं होतं, त्यांनी महिना घेतला, कारण रडतं मूल असतं तेव्हाचं खरं मूल नसतं असं त्यांचं म्हणणं, ते पटलं पण वाट बघावी लागते. त्या आजारी पडल्या की बदली कोणी नाही, तेव्हा आमच्यापैकी एकाला सुट्टी घ्यावीच लागते. त्यांच्या सुट्ट्यांचे निम्मे पैसे भरावे लागतात, कॉन्ट्रॅक्टमध्ये आधीच लिहिलेलं होतं. संध्याकाळी साडेपाचला घ्यायला यायचं म्हणजे साडेपाचलाच.

पैसे: आमच्याकडून तासाला ७ पौंड घेतात, जेवण आम्ही डब्यात देतो, त्या गरम करून देतात, वरणभाताला कधी नाक मुरडलं नाही. टॅक्स-फ्री चाइल्डकेअर ही सरकारी योजना चालते, ८० पेन्स भरले की सरकार २० पेन्स घालतं, वर्षाला मुलामागे जास्तीत जास्त २००० पौंड. सप्टेंबर २०२५ पासून नोकरी करणाऱ्या आईबाबांना नऊ महिन्यांच्या मुलापासून वर्षातले ३८ आठवडे आठवड्याला ३० तास फंडेड (सरकारी खर्चाने) आहेत, पण व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी मदत घेता येणार नाही अशी अट) असेल तर आधी आपली एलिजिबिलिटी बघून घ्या, तीन-चार वर्षांच्या मुलांचे १५ तास मात्र सगळ्यांना असतात.

कोणाला सुचवीन? ज्यांचं मूल आजीआजोबांकडे किंवा घरीच वाढलंय, इंग्लिश फारसं कानावर पडलेलं नाही, गर्दीत बावरतं, त्यांना तर नक्कीच. पाचपैकी साडेचार. शोधताना ऑफस्टेडच्या (शाळा आणि डेकेअर तपासणारी सरकारी संस्था) साइटवर रजिस्ट्रेशन आणि रिपोर्ट बघाच, पीडियाट्रिक फर्स्ट एड सर्टिफिकेट मागा, आणि पहिल्या भेटीत हे विचारा की पहिल्या महिन्यात तुम्ही मुलाबद्दल काय लिहून ठेवता आणि त्यात घरची भाषा कशी धरता. समोरून लगेच दोन-तीन उदाहरणं आली तर समजा जमेल. एकट्या चाइल्डमाइंडरला एका वेळी आठ वर्षांखालची सहाच मुलं घेता येतात आणि त्यात पाचखालची साधारण तीनच, एक वर्षाखालचं एकच, त्यामुळे जागा पटकन भरतात. कामावर परत जायची तारीख कळली की त्याच आठवड्यात फोन करायला सुरुवात करा.