बॅकअप टेपा ठेवायच्या कुठे: बँकेचा लॉकर की व्हॉल्टवाल्यांची गाडी?

आमचं भोसरीत मोल्ड डिझाइनचं छोटं ऑफिस. कॉम्प्युटरवरच्या डेटाची प्रत ठेवायला एलटीओ-८ जातीच्या चुंबकीय टेपा: चौदा फिरत्या, म्हणजे आळीपाळीने पुन्हा वापरायच्या, शिवाय दर मार्चअखेरची एक कायमची. एक प्रत ऑफिसबाहेर हवी, यावर वाद नव्हता. आधी दोन वर्षं व्हॉल्ट कंपनीची, म्हणजे टेपा गाडीने नेऊन आपल्या कोठारात सांभाळणाऱ्यांची, सेवा घेतली, आता दीड वर्ष बँकेचा लॉकर वापरतोय.

ऑफिसातली फायरप्रूफ तिजोरी पुरेल असं सांगणारे भेटतातच. कागदांसाठीची तिजोरी आगीत आतलं तापमान १७७ अंशांखाली ठेवते. त्यात कागद वाचतो, टेप नाही. टेपेसाठीच्या तिजोरीला ही मर्यादा ६५च्या आसपास असते. हा विषय तिथेच संपला.

व्हॉल्टवाल्यांचं काम नेटकं होतं, उगाच नावं ठेवणार नाही. दर मंगळवारी गाडी यायची, पेटीला नंबरी सील, पोचपावती, तिकडे एसी आणि कोरडी हवा. टेप वर्षानुवर्षं ठेवायची तर १६ ते २५ अंश आणि ५० टक्क्यांखाली दमटपणा हवा, तो त्यांच्याकडे मिळतो. बँकेच्या तळघरात जुलैत काय हवा असते, ते सांगायला नको.

पण एका बुधवारी आमच्या एका मुलाने जुन्या मोल्डचं अख्खं फोल्डर उडवलं. मला हवी होती एक टेप. फोन केला तर कळलं, त्यांच्या नोंदीत फक्त पेटीचा नंबर. आत काय आहे ते आमचं आम्हाला माहीत. गुरुवारी दुपारी अख्खी पेटी आली. टेप वापरून झाली, पण परतीची गाडी पुढच्या मंगळवारी; मधे बोलवायची तर जादा पैसे, आणि साहेब म्हणाले, "राहू दे, पाच दिवसांचा तर प्रश्न आहे." त्या पाच रात्री सगळ्या प्रती माझ्या टेबलाखाली, सर्व्हरपासून दहा-बारा फुटांवर. आग लागली असती तर मूळ आणि प्रत एकाच राखेत. सुट्या टेपांची नोंद ठेवणारी योजनाही असते म्हणे, पण आमच्या पंधरा टेपांसाठी ती महागच पडली असती.

लॉकरमध्ये मी जातो, हवी ती एक काढतो, बाकीच्या हलत नाहीत. लॉकर उघडला की त्याच दिवशी साहेबांच्या मोबाइलवर एसएमएस जातो. रिझर्व्ह बँकेच्या २०२१च्या नियमांनी तो बंधनकारक केलाय. ऑडिटरला आमच्या रजिस्टरपेक्षा तोच जास्त पटला! आग-चोरीत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंतच, पण पैशाने डेटा थोडाच परत येतो. आणि हो, एन्क्रिप्शनची किल्ली, म्हणजे टेपेवरचा सांकेतिक डेटा उलगडणारा कोड, त्याच लॉकरमध्ये ठेवू नका. आमच्याकडे पहिले तीन महिने ती तिथेच होती.

नेण्याची जबाबदारी मात्र आपली. मी फोमची कडक पेटी वापरतो, टेपा आपापल्या डब्यांत, उभ्या. स्कूटर नाही, रिक्षा, आणि पेटी मांडीवर. टेप हातातून पडली तर बाहेरून काही दिसत नाही, पण आतली लीडर पिन, म्हणजे ड्राइव्ह जिला धरून टेप ओढतो ती टोकाची पिन, जागची हललेली असू शकते. अंगठ्याने टेपेचं छोटं दार सरकवून पाहायचं, मगच ड्राइव्हमध्ये घालायची. पावसाळ्यात गार सर्व्हर रूममधून निघताना पेटी आतच बंद करायची. बाहेर उघडली की टेपेवर दव धरलंच.

लॉकरची खरी अडचण बँकेच्या वेळा. दुसरा-चौथा शनिवार, रविवार, त्यात गणपतीची सुट्टी जोडून आली की बसा. म्हणून ताज्या आठवड्याची एक जादा प्रत साहेबांच्या घरी असते. शेकडो टेपा असतील किंवा दहा वर्षं जपायच्या असतील तर व्हॉल्टच बरा, हे मान्य. आमच्या मार्चअखेरच्या टेपांचं मलाही अजून कोडंच आहे. पण वीस-पंचवीस फिरत्या टेपा असतील तर मी तरी लॉकरच घेईन. तरीही व्हॉल्टवाल्यांना फोन लावलात तर दर नंतर विचारा. एक टेप मागितली तर किती येतात, ते आधी.