सेइको ६३०९ ‘टर्टल’: रोज वापरून बघितल्यावर

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेलं हे घड्याळ आता मनगटावरून उतरत नाही. मॉडेल ६३०९-७०४०, साधारण १९७६ ते १९८८ या काळात बनलेलं. सिरियल नंबरचा पहिला आकडा म्हणजे सालाचा शेवटचा आकडा; माझ्याकडच्याचा नंबर १ने सुरू होतो, म्हणजे १९८१. त्या बारा वर्षांत दुसरं साल बसतच नाही.

फोटोत हे घड्याळ बेढब वाटतं, फुगलेलं. रुंदी पंचेचाळीस मिमीच्या आसपास. हातात मात्र ते तेवढं मोठं भासत नाही, कारण पट्ट्याचे कान वेगळे बाहेर आलेलेच नाहीत, ते केसच्या, म्हणजे घड्याळाच्या स्टीलच्या कवचाच्या, गोलाईतच विरलेत. शर्टाची बाही अडते, एवढीच तक्रार.

खरी गंमत चावीची, म्हणजे काटे फिरवायच्या बाजूच्या गोल बटणाची. १९६५चं सेइकोचं पहिलं डायव्हर (पाणबुड्यांसाठीचं घड्याळ), ज्याला ६२मास म्हणतात, त्याची चावी तीनच्या समोर उघडी होती. कुठे आपटलं तर फटका थेट तिला, आणि पाणी आत शिरायची वाटही तीच. १९७०च्या ६१०५-८११०मध्ये चावी चारच्या बाजूला होती आणि केसची ती कड फुगवून तिच्याभोवती आडोसा केला. त्यामुळे केस एका अंगाला वाकडी दिसते. पण चावीला आटे नव्हते. दाबून, फिरवून अडकवायची. ६३०९मध्ये चावी आट्यांनी घट्ट बसते, शिवाय केसच्या कुशीत अर्धी लपते. मग एकाच बाजूला फुगवटा कशाला? केस पुन्हा दोन्हीकडून सारखी झाली. हा अर्थात माझा तर्क.

चारच्या जागेचा फायदा रोज कळतो: हात मागे दुमडला, बाइकचं हँडल धरलं, तरी चावी मनगटात रुतत नाही. आणि तिला लपवणं परवडलं, कारण या मशीनला चावी देताच येत नाही. हातातल्या हालचालीवरच ते चालतं; चावी उघडायची ती फक्त वेळ आणि तारीख लावायला. एचएमटी जनतासारख्या रोज चावी द्यायच्या घड्याळात ती अशी दडवली असती तर लोकांनी शिव्या घातल्या असत्या.

बेझल, म्हणजे काचेभोवतीचं मिनिटांच्या खुणांचं कडं, दोन्ही दिशांना फिरतं. पाण्याखाली ते चुकून मागेपुढे सरकलं तर किती वेळ पाण्यात आहोत याचा हिशेब बिघडतो, म्हणून पुढच्या डायव्हर घड्याळांत ते एकाच दिशेने फिरू लागलं. मी त्यावर कुकरची वेळ लावतो, मला चालतं.

पाण्यात किती खोल चालेल याच्या तबकडीवरच्या १५० मीटरवर विसंबू नका. तो आकडा नव्या घड्याळाचा आहे. मी रबरी रिंगा बदलून घेतल्या, पावसात निभावलं. पोहायला मात्र नेत नाही.

घेताना तबकडीच्या आधी केस बघा. वरच्या बाजूला बारीक रेघांचा खरखरीत पोत असतो, बाजू गुळगुळीत चकचकीत, आणि दोन्हींच्या मध्ये स्पष्ट धार. आपल्याकडे दुकानात बफ मारून, म्हणजे यंत्रावर घासून चकाकी आणून, घड्याळ ‘नवं’ करून देतात. मग ती धार जाते आणि साबणाची वडी उरते. ओरखडे असलेलं घ्या, बफ मारलेलं नको. नव्याने छापलेल्या तबकड्याही पुष्कळ फिरतात, पण तबकडी बदलता येते. घासून गेलेलं स्टील परत येत नाही.

पट्टा २२ मिमीचा, आणि पिना जाड लागतात. बाजारातल्या साध्या बारीक पिना भोकात खेळतात, त्या बसवू नका.