‘इम्पोर्टेड’ इंजेक्शन आणि आमची गाभण गाय

आमच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यात मोटारसायकलला पेटी बांधून गोठ्यागोठ्यांतून फिरणारा एक ‘डॉक्टर’ आहे. तक्रार चालू असल्यामुळे नाव लिहीत नाही. तो काय करतो ते मात्र लिहिते, कारण असली माणसं एकाच तालुक्यात नसतात.

गाय होल्स्टिन क्रॉस, गाभण म्हणून आटवलेली (दूध काढणं बंद केलेली), नववा महिना नुकताच लागलेला. मागचा उजवा पाय टेकवेना. पाठीला कमान आलेली, कान मागे पडलेले, वैरण पुढ्यात तशीच आणि गव्हाणीसमोर उभी राहून कराकरा दात खायची. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर लसीकरणाला दुसऱ्या गावी होते. शेजाऱ्यांनी याचा नंबर दिला आणि तासाभरात हा दारात हजर. कार्डावर ‘डॉ.’, खाली ‘पशुतज्ज्ञ’. गाय गाभण आहे हे सासूबाईंनी आधीच सांगितलं. “काळजी नको मावशी, इम्पोर्टेड मेलोक्सिकॅम आहे. पोटातल्या वासराला काही होत नाही.” मेलोक्सिकॅम म्हणजे कळ आणि सूज कमी करणारं औषध.

पाय उचलून खूर बघणं वगैरे काही नाही. आमच्याकडे पाठ करून पेटीवर औषध भरत बसला. मी बाजूने पाहिलं तर बोटाएवढ्या काचेच्या कुप्या एकामागून एक फोडून मोठ्या सिरिंजमध्ये ओढत होता. पाच-सहा तरी असतील. शिवाय रबरी बुचाच्या एका छोट्या बाटलीतलं पाण्यासारखं काहीतरी. एवढ्याशा कुप्या कशाला, असं विचारलं तर म्हणाला, “ताई, परदेशी माल असाच बारक्या पॅकिंगमध्ये येतो.” रिकाम्या कुप्या खिशात टाकल्या. एका डोसचे 1,900 रुपये घेतले, पावती ‘नंतर व्हॉट्सॲपवर’.

संध्याकाळी गाय आपल्या पायांनी हौदावर गेली आणि पेंड चाटूनपुसून खाल्ली. गल्लीभर बोलबाला झाला, काय हाताला गुण आहे! दुसऱ्या दिवशी ‘कोर्स पूर्ण करायला’ म्हणून पुन्हा तेच इंजेक्शन, पुन्हा तेवढेच पैसे. त्यानंतर दोन दिवसांत गायीने कळा दिल्या. कालवड झाली, पण ती उभीच राहिली नाही, रात्रीतच गेली. विल्यानंतर पडायची ती वार (जार) आतच अडकली. शेण काळपट, डांबरासारखं पडायला लागलं. आणि पाय पहिल्यापेक्षा वाईट.

मग 1962 या जनावरांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन केला. फिरत्या पथकासोबत आपले सरकारी डॉक्टर आणि व्रणोपचारक (मलमपट्टी करणारे मदतनीस) आले. आधी पाय बांधून खूर साफ केलं. बाहेरच्या नखीखाली, तळव्याला जखम होती आणि दोन दिवस बिनघोर चालल्यामुळे ती आत खोल गेलेली. गव्हाणीखाली कचऱ्यात एक कुपी आणि रबरी बुचाची बाटली सापडली, त्या पेटीवाल्याच्या खिशातून सुटलेली. कुपीवर ‘डायक्लोफेनॅक’, 3 मिली आणि ‘जनावरांसाठी नाही’ असं इंग्रजीत छापलेलं. बाटलीचं लेबल नखाने खरवडलेलं, तरी ‘डेक्सा’ एवढं वाचता येत होतं. डॉक्टर म्हणाले, “ताई, हे डेक्सामेथासोन. स्टेरॉइड आहे. शेवटच्या महिन्यात हे दिलं की गाय दोन-तीन दिवसांत विते, वारही बहुतेक वेळा अडकते. वेळेआधी विणं करायचं असेल तर आम्ही मुद्दाम हेच वापरतो.”

म्हणजे गाय चालली ती बरी होऊन नव्हे. स्टेरॉइडने सूज आणि कळ दाबली, जखम जागच्या जागी राहिली. स्टेरॉइड आणि डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक एकदम दिल्यावर पोटात व्रण होऊन रक्त जातं, काळं शेण त्याचंच. सगळ्यात चीड आणणारी गोष्ट पुढे आहे. स्टेरॉइड अंगात असल्यामुळे डॉक्टरांना खरं मेलोक्सिकॅम लगेच देता येईना. ते काही दिवस गायीने कळ सोसूनच काढले. व्रणोपचारकांनी चांगल्या नखीला लाकडी ठोकळा चिकटवला, म्हणजे दुखरी नखी अधांतरी राहते. खाली कोरड्या भुशाचा जाड थर घातला, पाणी आणि मुरघास तोंडाशी ठेवला. अर्धी कळ तर त्या ठोकळ्यानेच कमी झाली. पुढे मेलोक्सिकॅम दिलं तेव्हा पाच दिवस दूध डेअरीला घालायचं नाही, हेही लिहून दिलं. दुधाचे पैसे बुडाले, पण खऱ्या आणि खोट्या डॉक्टरातला फरक तिथेच दिसतो.

कुप्यांचं कोडं डॉक्टरांनीच उलगडलं. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर 2006 पासून बंदी आहे, कारण ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. तरी लोक माणसांच्या मोठ्या बाटल्या आणून जनावरांना टोचायचे, म्हणून 2015 मध्ये माणसांचं इंजेक्शनही 3 मिलीच्या एकेरी डोसातच विकायचं ठरलं. कुणी जनावरासाठी छोट्या कुप्या फोडत बसला तर समजून जा. 2023 मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक ही वेदनाशामकंही जनावरांसाठी बंद झाली, पाठोपाठ निमेसुलाइड. मेलोक्सिकॅम आणि टोल्फेनॅमिक ॲसिड गिधाडांना चालतं. आमच्या डोक्यावर अंजनेरीच्या कड्यात गिधाडं राहतात, हरसूलकडे खोरीपाड्याला त्यांच्यासाठी मेलेली जनावरं ठेवतात. आमची गाय गेली असती आणि कुणी ती तिकडे नेली असती तर? डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, काही बरंवाईट झालं तर खोल पुरायची.

भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा 1984 चा. कलम 30 प्रमाणे नोंदणी असलेल्या पशुवैद्यकालाच उपचार करता येतात. पदविकावाल्यांना किरकोळ सेवा, त्याही पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. नोंदणी नागपूरच्या महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेची असते. क्रमांक विचारला की खरा डॉक्टर रागवत नाही. आमच्यावाल्याला नंतर विचारला तर म्हणाला, “गाय उठवून दाखवली ना, आणि कसला क्रमांक?” पैसे परत मागितल्यावर फोन उचलणं बंद.

आता पंचायत समितीच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे आणि पोलिसांत अर्ज दिलाय, सोबत कुपीचे फोटो आणि ऑनलाइन पैसे पाठवल्याचे पुरावे. त्याला कुप्या कुठल्या मेडिकलमधून मिळतात हे शोधायला अन्न व औषध प्रशासनालाही लिहिलंय. तो हल्ली पेठच्या बाजूला फिरतो असं ऐकते. तुमच्या गोठ्यात येऊन गेला असेल तर कचरा उकरून बघा, मिळेल ती बाटली पिशवीत घालून ठेवा आणि स्वतःचा वेगळा अर्ज द्या. एकट्या आमच्या अर्जावर तो ‘भावकीचा आकस आहे’ असं सांगून मोकळा होतोय.