पेनाच्या लाकडाला आरपार भोक पाडताना: चार जबड्यांचा चक की कॉलेट चक?

लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातण्याच्या यंत्रावर, लाकडी पेन करू लागलेल्या एका स्नेह्यांना यांपैकी एकच चक, म्हणजे फिरणारे लाकूड घट्ट धरणारा भाग, घ्यायचा आहे. त्यांचे तुकडे साधारण १९ मिलिमीटर चौरस आणि भोक ७ मिलिमीटरचे आहे.

तयारीचे श्रम पाहिले, तर एकत्र सरकणाऱ्या चार जबड्यांचा चक सरस आहे, कारण त्यात चौकोनी तुकडा तसाच बसतो. मात्र तो खरोखर चौरस हवा. एक बाजू जाड असली, तर दोनच जबडे पकड घेतात आणि तुकडा डगमगतो. कॉलेट म्हणजे लाकडाभोवती आवळली जाणारी, खाचा असलेली नळी. ईआर-३२ या प्रमाणित मापाच्या साध्या कॉलेटमध्ये गोल लाकूडच धरता येते, तेही २० मिलिमीटरपर्यंतच, म्हणून तुकडा आधी लेथच्या दोन टोकांमध्ये धरून कातून गोल करावा लागतो. हे काम कंटाळवाणे असले, तरी सर्व बाजूंनी सारखी पकड मिळते, ठिसूळ लाकूड चिरण्याची भीती कमी होते आणि बोटांना लागतील असे जबडे बाहेर नसतात.

भोक सरळ जाणे मात्र केवळ चकवर अवलंबून नाही. टेलस्टॉक, म्हणजे चकसमोरचा, ड्रिल धरणारा लेथचा भाग, नेमका रेषेत असावा, ड्रिल धारदार असावे आणि भुसा काढण्यासाठी ते वारंवार मागे घ्यावे. अन्यथा ते लाकडाच्या रेषांमागे भरकटते.

खर्चात प्रत्येक मापाचा कॉलेट वेगळा मोजावा लागतो, तर जबड्यांचा चक लाकडी वाट्या कातण्यासाठीही उपयोगी पडतो.

चौरस कापलेले पुष्कळ तुकडे आणि इतर कामेही असणाऱ्यांनी जबड्यांचा चक घ्यावा. मोजके, वेड्यावाकड्या आकाराचे किंवा ठिसूळ लाकूड वापरणाऱ्यांना कॉलेट योग्य ठरेल.