दीर्घ भागाकार की संश्लेषक पद्धत: नववीच्या मुलाने कोणती पक्की करावी?

आठवीत बहुपदीला बहुपदीने भागण्याची उभी मांडणी, म्हणजे दीर्घ भागाकार, शिकवली जाते, नववीत संश्लेषक भागाकार (सिंथेटिक डिव्हिजन) येतो, आणि त्यानंतर बहुतेक मुले पहिली पद्धत बाजूला ठेवून देतात. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या माझ्या घरी संध्याकाळी मराठी माध्यमाची आणि सेमी इंग्रजीची मुले गणितासाठी येतात. दोन्हींचा सराव करायला वेळ नसेल तर कोणती पद्धत हातात बसवावी, असे त्यांचे पालक दरवर्षी विचारतात. मी दोन्ही पद्धती अनेक वर्षे फळ्यावर वापरल्या आहेत आणि पुढचे मत त्याच अनुभवावर आधारलेले आहे.

संश्लेषक पद्धतीचा पहिला लाभ असा की तिच्यात चल लिहावा लागत नाही, केवळ सहगुणक, म्हणजे चलाला गुणणारे आकडे, पुरतात. दुसरा, आणि माझ्या मते अधिक मोठा, म्हणजे तिच्यात वजाबाकीच्या जागी बेरीज असते. दीर्घ मांडणीत वजा करताना खालच्या ओळीतील प्रत्येक पदाचे चिन्ह बदलावे लागते, आणि मुले पहिल्या पदाचे चिन्ह बदलून दुसऱ्याचे तसेच ठेवतात. माझ्या पाहण्यात त्या पद्धतीतील बहुतेक चुका याच जागी होतात. घन बहुपदीचे अवयव पाडायचे असतील तर संश्लेषक पद्धतीला तोड नाही: क्ष³ − ६क्ष² + ११क्ष − ६ या बहुपदीला क्ष − १ ने भागण्यासाठी १ घेतला, पहिला सहगुणक खाली उतरवला आणि दर वेळी खालच्या आकड्याला १ ने गुणून पुढच्या सहगुणकात मिळवत गेले की खालच्या ओळीत १, −५, ६ आणि बाकी ० मिळते, म्हणजे अवयव सापडतो आणि उरलेली वर्गबहुपदीही त्याच ओळीत तयार असते. सीईटीसारख्या परीक्षेत, जिथे कच्चे काम कोणी पाहत नाही, तिथे हा वेग मोलाचा आहे.

तरीही एका गोष्टीमुळे माझा कल दुसऱ्या बाजूला गेला. भाजक २क्ष − ३ असा असेल, म्हणजे क्ष चा सहगुणक १ नसेल, तेव्हा संश्लेषक पद्धतीत ३/२ घेऊन काम करतात. ४क्ष³ − ८क्ष² + ५क्ष + १ ला या भाजकाने भागून पाहावे. सहगुणकांची ओळ ४, −२, २ अशी येते आणि बाकी ४ राहते. मुले लगेच भागाकार ४क्ष² − २क्ष + २ असा लिहून मोकळी होतात; खरा भागाकार मात्र २क्ष² − क्ष + १ आहे, कारण मिळालेल्या ओळीला शेवटी २ ने भागायचे असते. हे विसरणे समजण्यासारखे आहे. मला खटकते ते असे, की बाकी बरोबरच येते. सावध मूल शेष सिद्धांत वापरून, म्हणजे भाज्यात क्ष च्या जागी ३/२ घालून, बाकी पडताळते, उत्तर ४ येते, ताळा जुळतो आणि दुप्पट झालेला भागाकार तसाच उत्तरपत्रिकेत जातो. ताळा पाहूनही पकडता न येणारी चूक मला फार बोचते, कारण तिथे मुलाच्या काळजीपूर्वक वागण्याचा काही उपयोग होत नाही.

दीर्घ मांडणीत ही अडचण उद्भवतच नाही. ४क्ष³ ला २क्ष ने भागून २क्ष² लिहिले की सहगुणकाचा हिशेब पहिल्याच पायरीला पूर्ण होतो. शिवाय चूक झालीच तर ती दिसते: प्रत्येक ओळीत कोटी, म्हणजे क्ष चा सर्वांत मोठा घातांक, उतरली पाहिजे, आणि ती उतरली नाही तर कोणत्या ओळीत घोटाळा झाला हे बोट ठेवून सांगता येते.

संश्लेषक पद्धतीच्या या अडचणीचे मूळ बहुधा तिच्या जन्मात असावे. इटालियन गणिती पाओलो रुफिनी यांनी १८०४ मध्ये आणि इंग्रज गणिती विल्यम जॉर्ज हॉर्नर यांनी १८१९ मध्ये जे काम मांडले, त्याचा रोख समीकरणांच्या मुळांच्या आसन्न किमती काढण्यावर होता, आणि त्यासाठी क्ष − अ या रूपाचा भाजक पुरेसा होता. शाळेत शिकवतात त्या स्वरूपात ही मांडणी क्ष² + क्ष + १ सारख्या भाजकापाशी थांबते. दीर्घ भागाकाराला भाजक कितीही कोटीचा असला तरी चालतो, आणि बारावीला इंटिग्रेशनमध्ये अंशाची कोटी छेदापेक्षा लहान नसेल तेव्हा पुन्हा त्याच्याकडेच यावे लागते. गाळलेल्या पदांच्या जागी शून्य लिहिण्याची शिस्त दोन्हीकडे सारखीच लागते, म्हणून त्यावरून निवड करू नये.

ज्या मुलाला केवळ अवयव पाडायचे आहेत आणि ज्याचा हात आकडेमोडीत स्थिर आहे, त्याने संश्लेषक पद्धत धरली तर माझी हरकत नाही. इतरांना, विशेषतः पुढे विज्ञान शाखेकडे जाणाऱ्यांना, मी आधी दीर्घ भागाकार पक्का करायला सांगेन. संश्लेषक पद्धत वापरणाऱ्याने भागाकाराच्या पहिल्या पदाला भाजकाच्या पहिल्या पदाने गुणून भाज्याचे पहिले पद मिळते का, एवढे नेहमी पाहावे. वरच्या उदाहरणात २क्ष गुणिले ४क्ष² म्हणजे ८क्ष³ होते, आणि भाज्यात ४क्ष³ आहे.