एक्स्टेन्शनमधून एमएस्सी ॲग्री: चार स्टार, पाचवा मेसने खाल्ला
राज्यातल्या चारपैकी एका कृषी विद्यापीठातून विस्तार शिक्षणात (एक्स्टेन्शन, म्हणजे नवं शेतीतंत्र शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवण्याचा विषय) एमएस्सी केली, कुठलं ते सांगत नाही कारण मेसची डाळ अजून आठवते. बॅचवाले म्हणायचे ॲग्रोनॉमी (पीकशास्त्र) मिळाली नाही म्हणून इकडे आलास, म्हणू देत. खरी मजा थिसिसला आली, १२० शेतकऱ्यांच्या मुलाखती, ठिबकबद्दल विचारायला गेलो की आधी चहा, मग कांद्याचा भाव, मग कुठे प्रश्न नंबर एक! 'माहितीये' आणि 'वापरतो' यात किती अंतर असतं ते बांधावरच कळलं, इनोव्हेटर (नवं तंत्र सगळ्यात आधी घेणारा) ते लॅगर्ड (सगळ्यात शेवटी घेणारा) यांची व्याख्या पाठ करून नाही कळत. स्टॅटिस्टिक्स मात्र घाईत उरकलं, एसपीएसएस हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर स्वतःच शिकावं लागलं. केव्हीकेत (कृषी विज्ञान केंद्रात) काम करायचंय त्यांनी बिनधास्त घ्या, फक्त बाईकच्या पेट्रोलचा खर्च आधीच धरून ठेवा.