ऑइल गळतंय की जळतंय, बॅटरी गेली की करंट कोणी खातंय?

१५ वर्षं ओलांडलेली पेट्रोल गाडी गॅरेजला नेली की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. "इंजिन ऑइल खातंय, रिंग-पिस्टन गेले" आणि "बॅटरी बदला". दोन्ही कधीकधी खरीही असतात. पण पहिल्याला हो म्हणालात तर जुन्या गाडीच्या किमतीइतका खर्च अंगावर येऊ शकतो. म्हणून हो म्हणण्याआधी घरच्या अंगणात काय काय तपासता येतं ते सांगतो.

सुरुवात डिपस्टिकपासून, म्हणजे ऑइलची पातळी मोजायच्या पट्टीपासून. सकाळी गाडी सपाट जागेवर आणि इंजिन थंड असताना डिपस्टिक पुसून घाला, परत काढा, पातळी आणि किलोमीटर वहीत लिहा. १००० किलोमीटरला नेमकं किती ऑइल कमी झालं हा आकडा हातात नसेल तर पुढची सगळी चर्चा अंदाजावर चालते. डॅशबोर्डवरच्या ऑइलच्या लाल दिव्यावर मात्र विसंबू नका. जुन्या गाड्यांत तो ऑइलची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. चालत्या गाडीत तो लागला तर बाजूला घेऊन इंजिन तिथेच बंद करायचं, पुढच्या पंपापर्यंतही जायचं नाही.

गळणं आणि जळणं

रात्री इंजिनाखाली पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी डाग दिसला तर गळती नक्की. डाग नसला म्हणजे गळती नाही, असं मात्र नाही. काही सील इंजिन चालू असतानाच झिरपतात. ते थेंब गरम सायलेन्सरच्या पाइपावर पडतात आणि सिग्नलला थांबलं की जळका वास येतो.

गळती शोधताना नेहमी वरून खाली बघा. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं, पॅकिंग कडक झालं की ऑइल इंजिनाच्या अंगावरून ओघळत चेंबरपर्यंत (तळातल्या ऑइलच्या टाकीपर्यंत) येतं, आणि खालून बघणारा म्हणतो, क्रँकचं मागचं, गिअरबॉक्सकडचं सील गेलं. पॅकिंग तासाभराचं काम आहे. मागच्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. इंजिन बाहेरून पुसून कोरडं करा, संशयित जागांवर टाल्कम पावडर भुरभुरा आणि ४०-५० किलोमीटर फिरून या. पावडर जिथे सगळ्यात वर ओली झाली असेल तिथे उगम.

जळण्याची खूण म्हणजे निळसर धूर, आणि तो कधी येतो यावर निदान ठरतं. सकाळी सेल्फ मारल्यावर एक लोट येऊन थांबला तर संशय वाल्व सीलवर. आंबा घाट इंजिन ब्रेकवर, म्हणजे गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडून, उतरून साखरप्याकडे पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताच मागे लोट उठला, तरी तेच. घाट चढताना मात्र सतत धूर येत असेल आणि ऑइलचं झाकण उघडल्यावर बॅक कॉम्प्रेशन (आतून धुरासकट हवेचा झोत) जाणवत असेल, तर पिस्टनच्या रिंगा. पांढरा दाट धूर आणि कूलंट कमी होणं हे दुखणंच वेगळं, तिथे हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग बघायचं.

वाल्व सील किंवा रिंगांना हात लावण्याआधी पीसीव्ही वाल्व बघा, हे मी आग्रहाने सांगतो. इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर काढणारा हा छोटा भाग चोंदला की आत दाब वाढतो. मग चांगली सीलंही झिरपतात आणि ऑइल हवेच्या वाटेने जळतंही. म्हणजे गळणं आणि जळणं दोन्ही एकाच स्वस्त भागामुळे! तो बदलल्यावरही त्रास राहिला तर कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो याची मोजणी) करून घ्या, आधी कोरडी, मग सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून. ऑइल घातल्यावर आकडा चढला तर रिंगा झिजल्यात. नाही चढला तर दोष वाल्वचा किंवा हेड गॅस्केटचा.

माझं मत विचाराल तर धूर नाही आणि १००० किलोमीटरला पाव ते अर्धा लिटर लागतंय, तर टॉप-अप करत गाडी चालवा, इंजिन खोलू नका.

बॅटरी, अल्टरनेटर की चोरटा करंट

इथे काही शे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२ च्या आसपास म्हणजे उतरलेली. इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.५ दिसलं तर चार्जिंग ठीक. चालू इंजिनवरही १२ च्या घरातच राहिलं तर नवी बॅटरी घेऊन उपयोग नाही, आधी बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आणि त्याला फिरवणारा पट्टा बघा. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली कोसळत असेल आणि त्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज केलेली असेल, तर मात्र बॅटरीच संपलीय.

तिसरी शक्यता, गाडी बंद असतानाही कुणीतरी करंट खाण्याची, मी स्वतः पैसे मोजून शिकलो. नवी बॅटरी बसवली, गाडी उभी राहिली आणि चौथ्या दिवशी सेल्फ मुका. निगेटिव्ह टर्मिनल काढून मधे मीटर अँपिअरवर जोडला, तर किल्ली काढलेली असताना ४०० मिलिअँपिअर जात होते. साधारण ५० च्या आत हवेत. ४०० म्हणजे दिवसाला जवळजवळ १० अँपिअर-तास, ३५ची बॅटरी किती टिकणार? दारं बंद करून अर्धा तास थांबलो, मग एकेक फ्यूज काढत गेलो. म्युझिक सिस्टीमचा फ्यूज काढताच आकडा पडला. कुणीतरी तिची वायर चुकीच्या जागी जोडली होती. (मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर जळतो.)

कोकणात आणखी एक बघावं लागतं, बॅटरीचं निगेटिव्ह इंजिनाला जोडणारी अर्थिंगची पट्टी. खाऱ्या हवेत ती हिरवी पडते आणि बॅटरी चांगली असूनही सेल्फ रडतो. सेल्फ मारताना बॅटरीचं निगेटिव्ह आणि इंजिनाचा धातू यांत अर्ध्या व्होल्टच्या आसपास फरक दिसला, तर टोकं सॅंडपेपरने घासा.

दोन्ही तक्रारी एकत्र असतील तर आधी गळती बंद करा. वरून ओघळणारं ऑइल अल्टरनेटरमध्ये शिरलं की त्याचे ब्रश खराब होतात, आणि पॅकिंग न बदलता नवा अल्टरनेटर बसवला तर तोही त्याच ऑइलमध्ये भिजतो. ऑइलच्या दाबाचा स्विच (तो लाल दिवा लावणारा) झिरपत असेल तर त्याच्या कनेक्टरमध्येही ऑइल साचतं. कनेक्टर खोलून बघायला दोन मिनिटं लागतात.